एएफआयएच कोर्स केला, लोटे-महाड पट्ट्यातल्या डॉक्टरांनी करावाच

चिपळूणजवळ माझी ओपीडी, निम्मे पेशंट लोटे परशुराम एमआयडीसीतले, म्हणून एमबीबीएसनंतरचा हा ३ महिन्यांचा एएफआयएच (असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ), म्हणजे कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्याचा कोर्स केला. सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटला असतो, चेन्नई-कोलकाता-कानपूरकडेही होतो. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात डॉक्टर म्हणून लागायचं तर हे सर्टिफिकेट मागतात, बरेच जण तेवढ्यासाठीच येतात, पण खरा फायदा ओपीडीत आहे.

ऑडिओमेट्रीचंच, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीचंच बघा. मशीनच्या आवाजातली ड्यूटी संपल्यावर कान तपासले तर तात्पुरता बधिरपणा पण मोजला जातो, म्हणून टेस्ट शिफ्टच्या आधी, कान शांत असताना घ्यायची. ग्राफमध्ये ४००० हर्ट्झला खड्डा दिसला की आवाजाने कान जायला लागलाय असं समजायचं, आणि माणूस मात्र सांगतो डॉक्टर मला सगळं नीट ऐकू येतं, कारण बोलणं ऐकायच्या खालच्या फ्रिक्वेन्सी अजून शाबूत असतात. त्याचवेळी पकडलं तर पुढचं नुकसान थांबवता येतं, गेलेलं परत येत नाही.

सिलिकोसिसचं (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग) लेक्चर तर प्रत्येक कोकणी डॉक्टरने ऐकायला पायजे. आपल्या सिंधुदुर्गात कासार्ड्याकडे सिलिका वाळू निघते, आणि धुळीत काम केलेल्या माणसाच्या एक्सरेत वरच्या भागात डाग दिसले की आपण सरळ टीबी म्हणून मोकळे होतो. कोर्समध्ये आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) स्टँडर्ड एक्सरे फिल्म शेजारी लावून एक्सरे वाचायला शिकवतात. सिलिकोसिसवाल्याला टीबीचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे थुंकी तपासायचीच, पण त्यासोबत आधी कुठं आणि किती वर्षं काम केलं ते पण विचारायचं, आत्ता काय करतो तेवढं पुरत नाही. रोग धूळ सुटल्यावर कित्येक वर्षांनीही दिसू शकतो.

अजून एक, १९४८ च्या कारखाना कायद्यात सरकारला कळवायच्या २९ रोगांची यादी होती, आणि कळवायची जबाबदारी फक्त कंपनीच्या डॉक्टरवर नव्हती, कामगाराला बाहेर तपासणाऱ्यावरही होती. हे आपल्या किती जणांना माहिती आहे?

कमी काय पडतं, तर पर्यावरणाचा भाग. नाल्याचं पाणी, विहिरी, खाडीतली मासळी, गावात येणारा वास, कुंपणाबाहेरच्या या गोष्टींना ३ महिन्यात जागा कितीशी मिळणार, त्यासाठी वेगळा मोठा कोर्स हवाच. बाहेरच्या काही देशांत कामगारांचं आरोग्य आणि पर्यावरण दोन्ही मिळून अख्खी रेसिडेन्सी (एमडीसारखं शिक्षण) असते.

एकट्याचा दवाखाना असेल तर ३ महिने कोण बघणार ते आधी ठरवा आणि मगच फॉर्म भरा. पावसाळ्यात लेप्टो-डेंग्यूची गर्दी असते, तेव्हाची बॅच टाळलेली बरी.