द लंचबॉक्स: साजन पोचला की नाही?

परवा द लंचबॉक्स परत बघितला आणि घरात परत तोच वाद, साजन इलाच्या दारात पोचतो की नाही. रितेश बत्राचा हा पहिला पिक्चर, 2013 चा. इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला डबा चुकून साजन नावाच्या ऑफिसातल्या एकट्या माणसाकडे जातो आणि डब्यातून दोघांच्या चिठ्ठ्या सुरू होतात, अशी गोष्ट. अजून बघितला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळा शेवटच फोडलाय.

इला दागिने विकून मुलीला घेऊन भूतानला जायचं ठरवते. तिकडे साजन फर्नांडिस रिटायर होऊन नाशिकला निघून गेलेला असतो तो परत मुंबईत येतो, आणि शेवटी लोकलमधे डबेवाल्यांच्या मधे बसलेला दिसतो, ते टाळ वाजवत भजन म्हणतायत, आणि संपला पिक्चर. भेट नाही काही नाही. बायकोचं म्हणणं तो पोचेपर्यंत ती गेलेली असणार, एवढा उशीर केल्यावर दुसरं काय होणार.

मला नाही पटत. एक गोष्ट नीट बघा, इलाचा डबा रोज चुकीच्या टेबलावर जातो, म्हणजे नवऱ्याऐवजी साजनकडे, आणि ती तक्रार करते तर डबेवाला ऐकूनच घेत नाही, हार्वर्डवाले येऊन बघून गेले म्हणतो, चूक होणारच नाही. पण दुपारनंतर तोच रिकामा डबा साजनची चिठ्ठी घेऊन बरोब्बर इलाच्याच घरी येतो की, रोज. म्हणजे घोळ फक्त जातानाचा, परतीच्या वाटेवर एकदाही नाही. आणि आता साजन स्वतः त्या लोकांबरोबर निघालाय, पत्ता नसला तरी काय बिघडलं, झाकणावरच्या खुणा बघून डबा लावणारी माणसं सोबत आहेत. त्यामुळे दारापर्यंत तो जाणारच.

दार उघडायला ती असेल का, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो दिग्दर्शकाने सोडलाय ते बरंच केलं. कारण खरी अडचण पत्त्याची नव्हतीच कधी. इला हॉटेलात वाट बघत बसलेली असताना साजन म्हणजे तिथे येऊन तिला लांबून बघून निघून गेलेला माणूस, स्वतःबद्दल कालचं लॉटरीचं तिकीट कोण घेतं म्हणणारा. सकाळी बाथरूममधे स्वतःचाच म्हाताऱ्यासारखा वास आला म्हणून घाबरलेला. असा माणूस डबेवाल्यांच्यात जाऊन बसतो यातच मला शेवट मिळाला, पुढे चहा प्यायले की भूतानला गेले याने मला तरी फरक पडत नाही. (भेट दाखवली असती तर गळामिठी, व्हायोलिन, नको रे बाबा.)

बाकी साजन झालेला इरफान आणि इला झालेली निमरत कौर दोघं भारीच, पण नवाजुद्दीनचा शेख, साजनच्या ऑफिसातला नवा माणूस, लोकलमधे ऑफिसच्या फायलींवर भाजी चिरतो तो सीन दोनदा मागे घेऊन बघितला. आणि भारती आचरेकर! इलाची शेजारीण देशपांडे आंटी अख्ख्या पिक्चरभर दिसत नाही, फक्त वरच्या मजल्यावरून आवाज, तरी कोमात पडून पंख्याकडे बघत राहणारा तिचा नवरा, तो पंखा, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. इलाच्या नवऱ्याचं पात्र तेवढं कच्चं वाटलं, मोबाईलमधे तोंड घालून बसायचं एवढंच काम दिलंय त्याला.

पाचातले साडेचार. अर्धा त्या नवऱ्यामुळे कापला, शेवटामुळे नाही.