सोलापुरात बोटीचं शीड शिवून मिळतं का? मिळतं की! (ताडपत्रीच्या दुकानाचा रिव्ह्यू, ४/५)

आधी निकाल सांगतो, मग रामायण. पाचपैकी चार स्टार. शिलाई एक नंबर, रेट वाजवी, माणसं बोलायला मोकळी, पण शीड म्हणजे नेमकं काय हे आपल्यालाच समजावून सांगावं लागतं आणि रिंगांवर (दोर ओवायच्या भोकांना बसवतात त्या) लक्ष ठेवावं लागतं. दुकानाचं नाव टाकत नाही कारण मालकच म्हणाले "नाव नका टाकू ओ, उद्या सगळे बोटवाले माझ्याकडंच येतील." सोलापुरात सगळे बोटवाले म्हणजे कोण हे त्यांनाच ठाऊक. तसंही ट्रकची ताडपत्री आणि मांडवाचं कापड शिवणारं कुठलंही जुनं दुकान घ्या, खाली लिहिलंय ते बहुतेक लागू पडेल.

तर आमची होडी म्हणजे पंढरपूरला चंद्रभागेत दिसतात तसली, लाकडी, सपाट बुडाची, चौदा फुटी. ही जात वल्ह्यावर नाहीतर बांबूने रेटत चालवायची, शीड तिच्या नशिबात नव्हतंच. पण उजनीचं पाणी म्हणजे नदी नव्हे, ११७ टीएमसीचं धरण आहे, बॅकवॉटर पार इंदापूर-भिगवणपर्यंत पसरलेलं, आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून जो वारा सुटतो तो दिवसभर थांबत नाही, अशा ठिकाणी वल्ही मारत बसणं म्हणजे फुकटचा वारा वाया घालवणं. नवीन शिडाची बाहेरून चौकशी केली तर आकडा ऐकून गप्प बसलो, शीड होडीपेक्षा महाग पडत होतं. मग म्हटलं ज्या गावात चादरी आणि टॉवेलला जीआय टॅग आहे त्या गावात एक शीड शिवून मिळू नये?

शीड कुठलं हे आधी ठरवायला लागतं, दुकानात जाऊन ठरवू म्हणाल तर काही खरं नाही. कोकणातल्या गलबतांचं आणि अरबी धाऊंचं ते तिरकं मोठं शीड दिसायला जबरदस्त, माझाही जीव त्याच्यावरच होता. पण त्याचं परबाण (शिडाची वरची लांब काठी) कधीकधी होडीपेक्षाही लांब, एका लाकडात मिळत नाही म्हणून दोन-तीन लाकडं एकाला एक लावून दोराने आवळून करतात, आणि खरी मेहनत वाऱ्याची बाजू बदलताना, तेव्हा ते आख्खं धूड डोलकाठीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं. म्हणून मोठ्या धाऊ वाऱ्यासमोरून न वळता वारा पाठीवर घेऊन लांबून वळसा मारतात. त्याला खलाशी लागतात, आमच्याकडे मी आणि एक भाचा, त्यातला भाचा अर्धा वेळ मोबाईलवर. म्हणून बॅलन्स लग घेतलं. चौकोनी शीड, वर एक काठी खाली एक काठी, आणि दोन्ही काठ्या डोलकाठीच्या थोड्या पुढे आलेल्या, त्यामुळे बाजू बदलताना काही उचलायचं नाही, सुकाणू फिरवलं की शीड आपोआप पलीकडे जातं. डोलकाठीला बाजूने ताणून बांधायचे दोरही लागत नाहीत, एका दोराने वर आणि तोच सोडला की धाडकन खाली. छोट्या लाकडी होडीला यापेक्षा सोपं काही मला तरी दिसलं नाही.

दुकानात गेलो तर आधी चहा. मग मी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून केलेला फुल साईज नमुना जमिनीवर पसरला. मालकांनी चष्मा लावून बघितला आणि पहिलाच प्रश्न, "कडा वाकड्या का ओ? सरळ कापून देतो की." इथेच सगळी गोची आहे. ताडपत्रीवाल्याची आख्खी हयात एकाच गोष्टीत गेलेली असते, कापड सपाट, ताठ, एक सुरकुती नको, पाणी साचायला नको. आणि शिडाला नेमकं पोट लागतं. वारा मागून असेल तर सपाट कापडावरही होडी ढकलत जाते, पण वाऱ्याच्या तिरपं वर (म्हणजे वारा येतो त्या बाजूला) जायचं तर शिडाला बाक पाहिजे, आणि बाक कुठे पाहिजे तर पुढच्या कडेपासून साधारण चाळीस टक्क्यांवर, रुंदीच्या दहा टक्क्यांच्या आसपास खोल. म्हणजे शीड सात फूट रुंद असेल तर आठेक इंचाचं पोट.

"सर, असं शिवलं तर ह्याला फुगा येईल."
"फुगाच पाहिजे मालक."
"मुद्दाम?"
"मुद्दाम."

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग मशीनवर बसलेल्या मावशींनी शेजारच्या पोराला तेलुगूत काहीतरी सांगितलं, दोघं हसले, आणि मग मला मराठीत, "म्हणजे ब्लाऊजला टक्स घालतो तसंच की ओ हे." बास, विषय संपला! खरंच तेच आहे. शीड एका अखंड तुकड्याचं नसतं, पट्ट्या एकमेकींवर चढवून शिवतात, आणि मधे एक इंच चढवली असेल तर कडेला जाता जाता ती दीड इंच चढवायची, म्हणजे कडेचं कापड कमी होतं आणि मधलं फुगून राहतं. वरची आणि खालची कड जरा बाहेर गोलसर कापायची, मग ती सरळ काठीला बांधली की जादा कापड आपसूक पोटात जातं. बांबू वाऱ्यात वाकतो म्हणून वरच्या कडेला आणखी थोडी गोलाई. मागची मोकळी कड मात्र उलटी, किंचित आत कापलेली, नाहीतर ती फडफड करून डोकं उठवते. मावशींनी प्रत्येक पट्टीवर खडूने खुणा करून घेतल्या, टाचण्या लावून एकदा हवेत धरून बघितलं, पोट जरा जास्त पुढे वाटलं म्हणून दोन पट्ट्या उसवून परत लावल्या. मी काही बोललोही नव्हतो. चारपैकी तीन स्टार त्यांचेच.

कापडाचं सांगतो. दुकानात जो कॅनव्हास समोर येतो तो ट्रकसाठीचा, जाड, मेण पाजलेला, त्याचं शीड केलं तर उचलताना खांदे निघतील आणि हलक्या वाऱ्यात ते नुसतं लोंबत राहील. कोरा कॉटन कॅनव्हास मागा, अडीचशे जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आतला, आणि कापायच्या आधी पाण्यातून काढून वाळवायला लावा कारण तो आटतो. मालक दोनदा म्हणाले "मेणाचा हात मारून देतो, वॉटरप्रूफ होईल", नको म्हटलं, एक तर वजन वाढतं आणि दुसरं म्हणजे आपल्या उन्हात ते मेण चिकट होऊन सगळ्या गावची धूळ गोळा करेल. कुजू नये म्हणून जुने लोक काय करायचे ते भारी आहे. युरोपातले मच्छीमार शिडं खैराच्या अर्कात उकळायचे, कात करताना जो काळपट भाग निघतो तो, त्यातलं टॅनिन कापडाला धरून बसतं, तांबूस तपकिरी रंग येतो, आणि तो माल आपल्याकडून आणि ब्रह्मदेशातून जहाजाने जायचा. आम्ही मात्र शीड कोरंच ठेवलंय, घडी घालायच्या आधी कडकडीत वाळवतो, सोलापुरात उन्हाला तोटा नाही.

मालकांना एक शंका होती, लाकडी बोटीला आता शीड लावतंय कोण. त्यांना मोबाईलवर कौंडिण्य दाखवलं, आपल्या अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं, फळ्या काथ्याच्या दोराने शिवलेल्या, चौकोनी शिडांचं जहाज, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात घेतलं ते. मालक बराच वेळ बघत होते. "फळ्या पण शिवल्याल्या?" एवढंच म्हणाले. त्यानंतर कामाला जरा जास्तच जोर आला असं मला वाटलं.

शिलाई: डबल टाका, पॉलिएस्टरचा दोरा (हे सांगून घ्या, सुती दोरा उन्हात आधी जातो), कडेने दोर आत घेऊन शिवलेला. कोपऱ्यांना एकावर एक त्रिकोणी ठिगळं लावायची असतात कारण सगळा ताण तिथे येतो, पाच थर झाल्यावर मशीनची सुई मोडली, मग मालक स्वतः दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसले. ते हाताचे टाके आजही जसेच्या तसे आहेत, हलवून बघा, ओढून बघा, काही होत नाही.

आता एक स्टार कुठे गेला ते. रिंगा. बोलणं पितळी रिंगांचं झालं होतं, कोपऱ्यांना लावल्याही पितळी, पण मधल्या सगळ्या अॅल्युमिनियमच्या. वरून दिसायला सारख्याच. पहिल्या जोरदार वाऱ्यात वरच्या काठीजवळच्या दोन रिंगा कापडातून निघून आल्या, आणि एक गेली की तिचा ताण शेजारचीवर येतो आणि मग तीही जाते. मालकांनी पैसे न घेता बदलून दिल्या, खालून ठिगळही लावलं, वाद घातला नाही, ते मान्य. पण बोललो होतो ना आपण? डिलिव्हरी घेताना प्रत्येक रिंग बघून घ्या, जमलं तर सगळ्याच हाताने दोरा भरून करून मागा, जरा जास्त पैसे जातात पण धरून राहतात.

दोर त्यांच्याकडेच मिळतात पण तिथे डोळे उघडे ठेवा. दुकानात सगळ्यालाच नायलॉन म्हणतात. शीड वर ओढायच्या दोराला नायलॉन चालत नाही, तो ताणला जातो, तुम्ही कडक ओढून बांधता आणि दहा मिनिटांनी शीड ढिलं. त्याला पॉलिएस्टरच पाहिजे. ती स्वस्तातली निळी-पिवळी दोरी तर घेऊच नका, गाठ सरकते आणि उन्हात पिठूळ होते. बांबूला भोकं पाडू नका, चिरतो, दोराने आवळून बांधा, जाड बुंधा पुढच्या बाजूला. आणि या शिडाचं सगळं मर्म एका दोरात आहे, खालच्या काठीला डोलकाठीजवळ खाली खेचून धरणारा. तो ढिला असला की शिडावर वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्याकडे तिरकी घडी पडते आणि होडी वर चढतच नाही, मग लोक म्हणतात शीड बेकार शिवलं. आधी शीड पूर्ण वर, मग हा दोर अंगाचं वजन टाकून खाली. उभ्या होडीत वरच्या मागच्या टोकापासून खालच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक घडी दिसली पाहिजे, वारा भरला की ती जाते. ही घडी बघून मालक अस्वस्थ झालेले, मी व्हिडिओ पाठवला होता, त्यांचा रिप्लाय "सुरकुती दिसायली."

पाण्यावर कसं आहे? मस्त आहे. सपाट बूड असल्यामुळे नुसत्या शिडावर होडी खेकड्याची चाल धरते, आडवी सरकत जाते, त्यासाठी कडेला पाण्यात सोडायची एक फळी सुताराकडून करून घेतली, ती लावल्यावर वाऱ्याच्या तिरपं व्यवस्थित वर जाते. फक्त मच्छीमारांच्या जाळ्यांचे फ्लोट बघत जायचं, फळी अडकली की होडी जागच्या जागी गरकन फिरते. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली (पाणी वापराच्या पातळीच्या खाली गेलं) की नादच सोडा, कुठे झाडाचं खोड, कुठे जुन्या गावाची भिंत वर येते सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र गंमत बाजूला ठेवून. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी बोट याच पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर शीड काढूच नका. पलीकडच्या काठावर धूळ उठलेली दिसली की शीड खाली, चर्चा नाही. लाईफ जॅकेट अंगात, होडीत ठेवलेलं नव्हे. आणि शिडाच्या मागच्या टोकाचा दोर हातात धरायचा, बांधायचाच झाला तर सुरगाठ, निरगाठ कधीच नाही, झटका आला की तो त्याच क्षणी सुटला पाहिजे. शीड शिवायला टाकतानाच, जोराच्या वाऱ्यात शीड आखडून लहान करायला बांधायच्या दोऱ्यांच्या दोन ओळी लावून घ्या, दुकानातल्या पोरांनी म्हटलं एक पुरे, मी दोन लावल्या आणि दुसरीच जास्त वापरतो.

खर्च शीड, दोर, रिंगा सगळं धरून सहा हजारांच्या आत बसला, बांबू आणि डोलकाठी वेगळी. पहिल्यांदाच करत असाल तर आधी साध्या प्लास्टिक ताडपत्रीचं स्वस्तातलं शीड करून माप जुळवा, मग कॅनव्हास कापा, मावशी तेही शिवून देतात, नाक मुरडत देतात पण देतात. कागदी नमुना घेऊनच जा, तोंडी माप सांगू नका. मे-जूनमध्ये गेलात तर कांद्यावर टाकायच्या ताडपत्र्यांची ही रांग असते, आणि डिसेंबरात गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या जत्रेच्या) स्टॉलवाल्यांची, तेव्हा तुमच्या शिडाकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. दसरा झाला की जा, सकाळी अकराच्या आत, तेव्हा मावशी मशीनवर असतात.