भिशीची वही फोनमध्ये कुलूपबंद केली, त्याला आठ महिने झाले

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत माझा फोन गेला. पाळण्याच्या रांगेत लेक कडेवर, पर्सची चेन अर्धी उघडी, दोन मिनिटांचा खेळ. फोन जुनाच होता, त्याचं दुःख चार दिवसांत ओसरलं. पण त्यात एक 'कॅल्क्युलेटर' होता. तुम्हीही बघितला असेल तसला: वरून साधा हिशेबाचा, आत ठरलेला आकडा टाकून बरोबरची खूण दाबली की तिजोरी उघडते. फुकट होता, जाहिराती मरणाच्या. त्या तिजोरीत आमच्या बाराजणींची भिशी होती.

नवीन फोन घेतला, तोच कॅल्क्युलेटर उतरवला, तोच आकडा टाकला. आत काहीच नाही. तेव्हा कळलं की सगळा माल फक्त त्या हरवलेल्या फोनमध्येच ठेवलेला असायचा. दुसरीकडे प्रत कुठेच जात नव्हती, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

महिना 2,000 रुपये, बाराजणी, ज्या महिन्यात जिची चिठ्ठी निघेल तिला 24,000. निम्म्या जणी रोख देतात, बाकीच्या फोनवरून. फोनवरच्यांचं बँकेच्या मेसेजवरून लागलं, रोखीचं तोंडी. तीन दुपारी गेल्या. एकीचा नोव्हेंबर लागेना. ती म्हणे दिला, मला आठवेना. शेवटी मी माझ्या खिशातून घातले आणि विषय मिटवला. तो 2,000 रुपयांचा धडा या सगळ्या लिखाणाच्या मुळाशी आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. त्यामुळे मैत्रिणींना वाटतं, हिला फोनमधलं सगळं कळतं. कळत काही नाही, चुका करून शिकले. आधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवून नोंदी ठेवायचे. एकदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडं राहिलं आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरानं हसत विचारलं, "ताई, अमकीचा हप्ता राहिलाय वाटतं?" मग गूगल कीप. नोंद करायला त्याच्यासारखं सोपं काही नाही, पण त्यात एकेका नोटेला वेगळं कुलूप लावायची सोयच नाही. फोन उघडा तर नोट उघडी. आणि आमच्या घरात माझा फोन दिवसातून दहा वेळा दुसऱ्याच्या हातात असतो. लेकाला कार्टून, सासूबाईंना कीर्तन, नणंद आली की रील.

जानेवारीच्या शेवटी स्टँडर्ड नोट्स नावाचं नोंदी ठेवायचं ॲप घेतलं. फुकटच्या प्लॅनवर आहे, आजवर एक रुपया भरलेला नाही. हे ॲप 2024 मध्ये प्रोटॉननं आपल्याकडे घेतलं. तेच प्रोटॉन, ज्यांची ईमेल सेवा आहे. यात तुम्ही लिहिलेलं फोनमधूनच गुंतवळ होऊन बाहेर पडतं आणि सर्व्हरवर तसंच गुंतवळ राहतं, त्यामुळे कंपनीलाही वाचता येत नाही. एंड-टू-एंड म्हणतात ते हेच. फोन गेला तरी दुसऱ्या फोनवर पासवर्ड टाकला की सगळं परत. पण पासवर्ड विसरलात तर 'फर्गेट पासवर्ड' करून कोणी वाचवायला येत नाही. चावीच त्यांच्याकडे नाही, देणार कुठून?

ॲपला ठशाचं कुलूप घातल्यावर मला वाटलं झालं. नाही झालं.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. फोन वाजला, यांनी उचलला, ओटीपी बघायचा होता. चुकून त्या ॲपवर बोट पडलं, त्यानं ठसा मागितला, यांनी अंगठा ठेवला आणि ॲप उघडलं! माझ्या डोळ्यांदेखत. मी तवा तसाच ठेवून बघत राहिले. कारण साधं होतं. नवीन फोन आणल्या दिवशीच आम्ही दोघांचे अंगठे फोनमध्ये घातले होते. ॲप फक्त फोनला विचारतं, हा ठसा ओळखीचा आहे का? फोन म्हणतो, आहे. कोणाचा, ते ना ॲप विचारतं ना फोन सांगतो. फोनचा पिन ज्याला माहीत आहे तो आणखी एक बोट कधीही नोंदवू शकतो, हेही तेव्हाच डोक्यात आलं.

मी ॲपमधला ठसा बंद केला आणि फक्त वेगळा पासकोड ठेवला, फोनच्या पिनपेक्षा निराळा. त्यावर घरात व्हायचं ते झालंच.

"माझ्यापासून काय लपवायलीस गं?"

"माझं काही नाही. बाराजणींचं आहे. त्यातल्या दोघींच्या घरी माहीतच नाही त्या भिशी लावतात ते."

"कोण दोघी?"

"तेच तर."

हे थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, भाकरी करपली बघ. करपलीच होती.

तसा ठसा बंद केल्याचा पश्चात्ताप झाला नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चढला की घामेजलेलं बोट फोन घेतच नाही, मग चार वेळा पुसून पिनच टाकावा लागतो. फोन बंद करून चालू केला तरी पहिल्यांदा पिनच मागतो. आमच्या आण्णांनी तीस वर्षं माग चालवला, त्यांच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. रेशनच्या मशीनवर दर महिन्याला अंगठ्याची झटापट असते. बोट हीच चावी धरून बसणाऱ्यांनी आपल्या घरातल्या अशा बोटांचाही विचार करावा.

दुसरं भोक कीबोर्डमध्ये निघालं. नोटेतून एकीचा खाते क्रमांक कॉपी करून पैसे पाठवले, ॲप बंद केलं, फोन लेकाला दिला. त्यानं यूट्यूबमध्ये शोधायला कीबोर्ड उघडला तर वरच्या पट्टीत तोच आकडा झळकत होता, दाबा आणि चिकटवा म्हणून. कीबोर्ड कॉपी केलेला मजकूर तासभर धरून ठेवतो म्हणे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन क्लिपबोर्ड बंद केला. आता आकडे बघून हातानं टाकते. वेळ लागतो. लागू दे.

मग फोनची काच फुटली आणि नव्या पेठेतल्या एका दुकानात दिला. दुकानदारानं पहिलं वाक्य काय म्हणावं? "ताई, पिन सांगा, टच चेक करायला लागतो." पिन चिठ्ठीवर लिहून सेलोटेपनं फोनच्या पाठीला चिकटवला. काउंटरवर तसे आठ-दहा फोन पडले होते, प्रत्येकाच्या पाठीवर त्याची चावी. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये यासाठी मेंटेनन्स मोड असतो, दुरुस्तीवाल्याला आपले फोटो-मेसेज दिसत नाहीत. माझ्या फोनमध्ये नव्हता. त्या दिवशी वेगळ्या पासकोडचं खरं मोल कळलं. फोन परत आल्यावर पिन बदलला, ते वेगळं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. एप्रिलमध्ये मी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघाले होते. कुर्डुवाडी सुटली आणि भावाचा फोन: आण्णांना गरगरून आलंय, दवाखान्यात आणलंय, डॉक्टर विचारतायत कुठल्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करायची कुठली, किती पॉवरची. ती यादी होती माझ्याकडे, व्यवस्थित तारीखवार, कुलूपबंद. नेटवर्क येत-जात होतं. ॲप नेटशिवाय उघडतं, नोंद फोनमध्येच असते, म्हणून यादी लगेच समोर आली. पण पाठवायची कशी? मेसेज जाईना. फोन लागला की दोन गोळ्या सांगायच्या, तुटला की परत लावायचा. नावाची स्पेलिंग ओरडून सांगत होते, डब्यातली सगळी माणसं ऐकत होती. सगळं पोहोचायला वीस मिनिटं लागली. आण्णा ठीक आहेत, दुसऱ्या दिवशी घरी आले.

त्या रात्री बसून कुलपातल्या एकेका नोटेकडे बघितलं: ही कोणापासून लपवतेय मी? औषधांची यादी कोणापासूनच नाही. ती बाहेर काढली. आता एक कागद फ्रिजवर, एक प्रत भावाच्या फोनमध्ये, आणि आण्णांच्या फोनच्या इमर्जन्सी माहितीत, जी लॉक न उघडताही दिसते. रक्तगट, पॉलिसीचा नंबर, गॅसचा ग्राहक क्रमांक, तेही बाहेर. कुलपात उरलं ते थोडकंच: भिशी, दोन-तीन पासवर्ड, आणि मी कधीमधी रात्री लिहिते ते.

बाकी किरकोळ. ॲपचा चेहरा इंग्रजी आहे, पण लिखाण मराठीत बिनतक्रार होतं आणि शोधलेलं सापडतं. ॲपमधून बाहेर पडताच कुलूप लागावं असं ठेवलंय, त्यामुळे हिशेब करताना मध्येच कॅल्क्युलेटरवर जाऊन आलं की परत पासकोड. खरा कॅल्क्युलेटर, तो मघाचा नाही. नणंदेच्या आयफोनमध्ये मूळच्या नोट्सलाच कुलूप लागतं, वेगळं ॲप लागत नाही. पण कुलूप लावलं तरी नोटेचं नाव यादीत दिसत राहतं. तिनं पहिल्याच ओळीत सगळं लिहून ठेवलं होतं, मी काय ते सांगत नाही.

महिन्याच्या पाच तारखेला चिठ्ठी काढली की बॅकअप काढून पेनड्राइव्हवर टाकते. जून चुकला होता.

राहिला मोठा पासवर्ड. चार शब्द आहेत, एकमेकांशी संबंध नसलेले. पाठ आहेत, पण मला काही झालं तर बाराजणींचे पैसे अडकायला नकोत. म्हणून कागदावर लिहून माहेरी आईच्या ट्रंकेत, माझ्या लहानपणच्या पैंजणांच्या डबीत ठेवलाय. आईला एवढंच सांगितलंय की वेळ आली तर ही डबी ताईला द्यायची. तिनं कशाची म्हणून विचारलं नाही. परवा गेले तेव्हा बघितलं, डबीला तिनं दोऱ्याचे चार वेढे घालून घट्ट गाठ मारली होती. सोडवायला मला दात लावावे लागले.