क्यूजीआयएसमधले कलर रॅम्प: आठ महिने नकाशे रंगवल्यावर

आठ महिने झाले, ऑफिसच्या रिपोर्टांसाठी क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्हावार नकाशे करतोय, बहुतेक सगळे २०११ च्या जनगणनेवरचे. सुरुवातीला वाटायचं की एक झक्कास रंग निवडला की काम झालं, त्यामुळे रॅम्पची (कमी ते जास्त आकड्यांना द्यायच्या रंगांच्या पट्टीची) यादी उघडायची, लाल ते निळा जाणारा स्पेक्ट्रल दिसला की क्लिक, आणि महाराष्ट्राची रंगपंचमी करून मोकळं व्हायचं.

पहिला दणका बसला लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा करताना. ग्रॅज्युएटेड (आकड्यांचे वर्ग पाडून प्रत्येकाला एक रंग) निवडलं, इक्वल इंटर्व्हल म्हणजे सारख्या रुंदीचे, पाच वर्ग, आणि अख्खा महाराष्ट्र एकाच रंगात! फक्त कोपऱ्यात मुंबईचे दोन ठिपके वेगळे. तासभर रंगच बदलत बसलो, मग आकडे बघितले तेव्हा ट्यूब पेटली. दर चौरस किलोमीटरला माणसं गडचिरोलीत ७४ आणि मुंबई उपनगरात २०,९८०, याचे पाच सारखे तुकडे केले की एकेक तुकडा चार हजारांच्या वर जातो, म्हणजे ६०३ वालं पुणे आणि ११५७ वालं ठाणेसुद्धा गडचिरोलीच्याच डब्यात. मधले तीन डबे रिकामे. मग इक्वल काउंट लावलं तर नकाशा एकदम रंगीत आणि छान, पण ३५ जिल्हे सात-सातच्या गटात वाटले गेल्यामुळे ५०४ वालं कोल्हापूर थेट मुंबईच्या रंगात जाऊन बसलं. कोल्हापूरकरांना आवडेल कदाचित, पण खोटंच ना ते. शेवटी क्लासच्या ओळीवर डबल क्लिक करून आकडे हाताने टाकले, वरचा डबा फक्त मुंबईसाठी ठेवला. आता मी रंगाला हात लावायच्या आधी हिस्टोग्रामचा (कुठल्या आकड्याचे किती जिल्हे ते दाखवणाऱ्या आलेखाचा) टॅब उघडतो, निम्मी कटकट तिथेच संपते.

एक लक्षात ठेवा, हाताने टाकलेले आकडे झाल्यावर चुकून मोड (वर्ग पाडायची पद्धत) किंवा क्लासेसचा आकडा बदलला तर सगळं पुन्हा नव्याने मोजलं जातं. माझे दोनदा गेले. स्टाइल, म्हणजे वर्ग आणि रंगांची सगळी मांडणी, क्यूएमएल फाइलमध्ये सेव्ह करून ठेवायची सवय तेव्हा लागली.

रंगांचं म्हणाल तर स्पेक्ट्रल मी सोडला. आमच्याकडे रिपोर्टची शेवटी ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्सच निघते, आणि त्यात स्पेक्ट्रलचा लाल न् निळा दोन्ही सारखेच काळपट येतात, म्हणजे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी एकच. व्हिरिडिस झेरॉक्समध्येही टिकतो कारण त्याचा उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ वाढत जातो. २०१५ मध्ये मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेख काढायच्या लायब्ररीसाठी बनवलेला हा रॅम्प, तिथून सगळीकडे पसरला. पण त्यात एक गंमत आहे, कमी आकड्याला गडद जांभळा आणि जास्तीला पिवळा. पांढऱ्या कागदावर आपला डोळा गडद म्हणजे जास्त असंच वाचतो, त्यामुळे आमच्या सरांनी नकाशा बघून पहिला प्रश्न विचारला, "गडचिरोलीत एवढी गर्दी?" तेव्हापासून इन्व्हर्ट कलर रॅम्प (रंगांचा क्रम उलटा) केल्याशिवाय नकाशा पुढे जात नाही. साध्या कामाला तर ब्लूज (फिकट ते गडद निळा) पुरतो. भगव्या छटा मात्र निवडणुकीच्या आसपास टाळा, आकडा पावसाचा असला तरी लोक त्यात पक्ष शोधतात (अनुभव आहे).

लिंग गुणोत्तराचा नकाशा हे वेगळंच प्रकरण. तिथे आकडा म्हणजे दर हजार पुरुषांमागे किती बायका, त्यामुळे १००० ला अर्थ आहे, म्हणून दोन बाजूंना दोन रंग जाणारा रॅम्प घेतला, लाल-पिवळा-हिरवा, सहा वर्ग. आकडे मुंबई शहराच्या ८३२ पासून रत्नागिरीच्या ११२२ पर्यंत, त्यामुळे सॉफ्टवेअरने मध्य काढला ९७७, आणि ९८८ चं सातारा न् ९९९ चं गोंदिया हिरव्या बाजूला गेले. वाचणाऱ्याला वाटणार तिथे बायका जास्त. प्रत्यक्षात हजाराच्या वर फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. सिमेट्रिक क्लासिफिकेशनला (ठरवलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सारखे वर्ग) टिक करून तिथे १००० लिहिलं की हा घोळ मिटतो. लाल-हिरवाही काढला, कारण टीममधल्या एकाला ते दोन रंग वेगळे दिसतच नाहीत आणि तो बिचारा इतके दिवस बोलला नव्हता. व्ह्यू मेनूतल्या प्रिव्ह्यू मोडमध्ये रंगांध माणसाला नकाशा कसा दिसेल ते बघता येतं, एका क्लिकचं काम. आता जांभळा-नारिंगी वापरतो.

राहिला पालघर. जिल्हा झाला ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे नकाशात ३६ जिल्हे आणि जनगणनेच्या तक्त्यात ३५. आकडा नसलेला जिल्हा ग्रॅज्युएटेडमध्ये रंगवलाच जात नाही, वसईपासून डहाणूपर्यंत सरळ भोक. (बीडही एकदा असाच गायब झाला होता, पण ते तक्त्यात स्पेलिंग 'बिड' होतं आणि नकाशातल्या नावाशी जुळलं नाही म्हणून.) मी जिल्ह्यांची तीच लेयर (नकाशाचा थर) डुप्लिकेट करून खाली फिकट राखाडी रंगात ठेवतो आणि लेजंडमध्ये 'आकडा उपलब्ध नाही' लिहितो. खरं तर पालघर तेव्हाच्या ठाण्यातच मोजलाय, त्यामुळे २०११ साठी जुन्याच हद्दींची फाइल वापरणं जास्त बरोबर, ती हल्लीच हाताला लागलीये, आता सगळे जुने नकाशे परत काढायचे आहेत.