जर्नलसीटीएल काही महिने वापरल्यावर: हार्डवेअरचं दुखणं लॉगमधून शोधताना

लिनक्सवर मशीन अडकलं, डिस्क गायब झाली किंवा यूएसबी मध्येच सुटलं, की मी आता सगळ्यात आधी जर्नलसीटीएल, म्हणजे सिस्टिमचा लॉग (नोंदवही) वाचायची कमांड, उघडतो. काही महिन्यांच्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: हार्डवेअरच्या तक्रारीसाठी यातली खरी मोलाची सोय म्हणजे मागच्या बूटचा, म्हणजे मशीन मागच्या वेळी सुरू होतं तेव्हाचा लॉग. डीमेसेज ही कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मेसेज दाखवणारी दुसरी कमांड फक्त चालू बूटचं दाखवते, आणि मशीन अडकलं की रीस्टार्ट करण्यावाचून गत्यंतर नसतं. जर्नलसीटीएलला '-के -बी -१' दिलं की आधीच्या बूटमधले कर्नलचे मेसेज समोर येतात.

त्यासाठी लॉग डिस्कवर साठायला हवा. जर्नलडीच्या, म्हणजे हा लॉग लिहिणाऱ्या सेवेच्या, कॉन्फिग फाइलमध्ये स्टोरेज 'पर्सिस्टंट' (कायम साठवा) करून टाका. जागेची चिंता नको. डीफॉल्टमध्ये तो फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांच्या आणि कमाल ४ जीबीच्या आत राहतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो डिस्कच्या बाबतीत. मोठी फाइल कॉपी करताना मशीन काही सेकंद थिजायचं. लॉगमध्ये शेवटी 'आय/ओ एरर, डेव्ह एसडीए' असायचं, म्हणजे एसडीए या डिस्कवर वाचता-लिहिताना चूक. एवढंच वाचलं तर कुणीही नवी डिस्क मागवेल. पण वर सरकल्यावर एटीएच्या (डिस्कच्या जोडणीच्या) ओळींमध्ये 'आयसीआरसी' दिसलं, म्हणजे डेटा डिस्क आणि कंट्रोलरच्या मधल्या वाटेत बिघडतोय. डिस्कवरचं सेक्टरच वाचता येत नसतं, तर तिथे 'यूएनसी' आलं असतं. पाठोपाठ कर्नलने साटा लिंकचा (डिस्कच्या जोडणीचा) वेग ३ जीबीपीएसवर उतरवल्याची नोंदही होती. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये १९९ क्रमांकाचा सीआरसी काउंट (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) वाढत होता, खराब सेक्टर मोजणारे ५ आणि १९७ मात्र शून्यावर. साटा केबल बदलली. १९९ चा आकडा कमी कधीच होत नाही, पण तो वाढायचा थांबला आणि मशीनही थिजायचं थांबलं.

म्हणूनच सांगतो, पहिली बिघडलेली ओळ शोधा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

फक्त एरर आणि त्याहून गंभीर मेसेज दाखवणाऱ्या '-पी एरर'च्या गाळणीवर माझा फारसा भरवसा नाही. बूट होताना लाल रंगात झळकणारे 'एसीपीआय बायॉस एरर' बहुतेकदा निरुपद्रवी असतात, उलट यूएसबी सुटल्याची किंवा लिंकचा वेग उतरल्याची नोंद खालच्या पातळीवर असल्यामुळे गाळली जाते. '--सिन्स'ला वेळ देऊन बिघाडाच्या आसपासचं सगळं वाचलेलं बरं. यूएसबीसाठी '-के -एफ' (कर्नलचे नवे मेसेज येतील तसे दाखवणारं) चालू ठेवून केबल हलवून बघा. हलवताच 'एरर -७१' आला, तर केबल किंवा पोर्टवर संशय घ्यायला जागा आहे.

मर्यादा आहेत, आणि त्या टोचतात. जर्नलडी साधारण ५ मिनिटांनी लॉग डिस्कवर पक्का करतो. क्रिटिकल आणि त्यावरचे मेसेज तेवढे लगेच. त्यामुळे मशीन एकदम गोठलं तर नेमका हवा तो भाग हातात येत नाही. ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करायची सोय) नसलेल्या रॅमची चूक तर लॉगमध्ये थेट दिसतच नाही, तिथे रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावं लागतं. पूर्ण गोठणाऱ्या मशीनसाठी मी आता नेटकन्सोल लावलंय, म्हणजे कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर जात राहतात.