निकाल वाचू की कोर्टात बसू?

भाचीचा एलएलएमचा प्रबंध पोटगीवर आहे आणि ती इथेच अडकलीय. निकाल फुकट, हायकोर्टाच्या साइटवर घरबसल्या मिळतात. फॅमिली कोर्टात मात्र महिने जातात, आणि १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्यानुसार एका पक्षाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड. पण निकालात दिसते फक्त वरच्या कोर्टापर्यंत पोचलेली बाई! सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्या म्हटलं, पण ते पैसे हातात पडले का हे बाहेर बाकावर लेकराला घेऊन बसलेलीच सांगणार, आणि कंटाळून केस सोडून दिलेल्या तर निकालात सापडतच नाहीत. कायदा कसा बदलला हे बघायचं तर निकाल पुरतात, बायकांना प्रत्यक्षात काय मिळतं हे हवं असेल तर कोर्टातच बस गं.