कुडाळचं रीमॅपवालं गॅरेज: आकडा सांगत नाही, लॉग दाखवतो

मालवणात बंदराजवळ माझं बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बोटीच्या डिझेल पंपात रॅक (डिझेल किती जाणार ते ठरवणारी दांडी) किती सरकला ते डोळ्यांना दिसतं, बोटाला लागतं. गाडीच्या कॉम्प्युटरात काय सरकतं ते कुणालाच दिसत नाही, म्हणून रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या त्या कॉम्प्युटरातले आकडे बदलून घेणं, म्हटलं की माझी भुवई वर जायची. शेवटी कुडाळ एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गाडी नेली. तिथला अनुभव लिहितोय.

गाडी पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड घेतलेली. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, कंपनीकडून १०५ पीएस (हॉर्सपॉवर) आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवायचा जोर), सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर पोर्शवाले हसतील. हसूदेत, आंबोली घाटात त्यांना तरी कुठे जागा मिळते!

गेल्या गेल्या मी विचारलं, किती पॉवर वाढेल? शहरातले रीमॅप करणारे ट्यूनर फोनवरच आकडा देतात, त्याची सवय. इथला पोरगा म्हणाला, "काका, मी सांगान तेवडे हॉर्सपॉवर तुमी लिवन घेशात, पण गाडयेक ता कोण सांगतलो? आधी लॉग काढूया." लॉग म्हणजे चालत्या गाडीच्या कॉम्प्युटरातल्या आकड्यांची नोंद. त्यानं स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायच्या जोडणीला) केबल लावली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मला सावंतवाडीमार्गे आंबोलीकडे गाडी काढायला लावली.

तो लॉग त्यानं मला शेजारी बसवून वाचून दाखवला, आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले. पॅडल दाबलं की थ्रॉटल उघडतो, हा समज त्यानं आधी मोडला. पॅडल ही नुसती मागणी. कॉम्प्युटर ठरवतो की टॉर्क किती द्यायचा, त्याला हवा किती लागेल, त्यासाठी टर्बोचा दाब किती, इंधन फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, स्पार्क किती अंश आधी टाकायचा. या सगळ्याची कोष्टकं आत भरलेली असतात, आपल्या भरती-ओहोटीच्या कोष्टकासारखी: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड (इंजिनावरचा भार), दोन्ही जुळतात त्या घरातला आकडा उचलायचा. रीमॅप म्हणजे त्या घरांतले आकडे बदलणं. पण एकावर एक मर्यादाही घातलेल्या असतात. नुसता टर्बोचा दाब वाढवला आणि टॉर्कची मर्यादा तशीच ठेवली, तर कॉम्प्युटर स्वतःच थ्रॉटल मिटून घेतो आणि गाडी होती तिथेच राहते. फक्त एक आकडा फुगवून देणाऱ्यांची गाडी मध्येच धक्के का खाते, ते मला तेव्हा कळलं.

मग नॉकिंगचा रकाना. स्पार्कनं पेटलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, तेव्हा ठोका बसतो. ब्लॉकवरचा सेन्सर तो ऐकतो आणि कॉम्प्युटर त्या सिलिंडरचा स्पार्क मागे घेतो, म्हणजे उशिरा टाकतो. माझ्या गाडीत घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये, आत येणारी हवा तापल्यावर दोन सिलिंडरांचा स्पार्क तीन-चार अंश मागे जात होता. म्हणजे कंपनीनं दिलेली पॉवरसुद्धा मला पूर्ण मिळत नव्हती! टाकीत साधं पेट्रोल होतं. जास्त ऑक्टेनचं, म्हणजे असा ठोका सहज न खाणारं पेट्रोल भरून पुन्हा चढलो तर एका सिलिंडरचा आकडा सुधारला, दुसऱ्याचा नाही. त्याचा प्लग काढला तर गॅप वाढलेला. नवे प्लग बसेपर्यंत त्यानं मॅपला, म्हणजे त्या कोष्टकांना, हात लावला नाही. ही शिस्त मी बोटींच्या मेकॅनिकांतही फार कमी पाहिली आहे.

इथेनॉलबद्दलही विचारलं, कारण आमच्या धंद्यात सध्या तोच विषय. इथेनॉल न मिसळलेल्या पेट्रोलला जाळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट. त्यामुळे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. ती वाढ लॉगमध्ये स्पष्ट दिसत होती. मॅप करताना त्यानं ती धरली.

शेवटी टॉर्क २२० च्या आसपासच ठेवला. मी म्हटलं, अजून थोडा? या डीएसजीचे क्लच कोरडे असतात आणि तो गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे; त्या काठावर रोज गाडी न्यायची नाही, असं त्याचं म्हणणं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून द्यायलाही साफ नकार. फ्लॅश करताना, म्हणजे नवे आकडे कॉम्प्युटरात लिहिताना, बॅटरीला चार्जर लावला, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर कॉम्प्युटर अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी चालूच होत नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर माझ्या हातात दिली.

फरक? कमी आरपीएमला गाडी आळस करत नाही. कणकवलीच्या पुढे हायवेवर ट्रक ओलांडताना गिअर खाली पडायची वाट बघावी लागत नाही. वरच्या आरपीएमला फार काही बदललेलं नाही, आणि ते त्यानं आधीच सांगितलं होतं.

आता तक्रारी. डायनो (गाडीची पॉवर मोजायचं यंत्र) नाही, त्यामुळे चाकावर नक्की किती पीएस मिळतात याचा कागद मिळत नाही. मित्रांना आकडा सांगून मिरवायचं असेल तर हे गॅरेज तुमचं नाही. शेड दुपारी भट्टीसारखी तापते, बसायला एकच खुर्ची, तीही त्याचीच. दुपारी जेवून झोपायची वेळ तो चुकवत नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. विमा कंपनीला बदल कळवावा लागतो आणि वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटी धोक्यात येते, हे मी विचारल्यावर सांगितलं; आपणहून सांगायला हवं होतं. २८ हजार घेतले, प्लगचे वेगळे. बिल मागून मागून मिळालं.

जाणार असाल तर टाकी जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलनं भरूनच जा. साध्या पेट्रोलवर गेलात तर लॉग दोनदा काढावा लागतो, आणि दुसऱ्या फेरीचे पैसे तो सोडत नाही.